पेन ट्रॉलीच्या हातात: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची सुरुवात कांद्याच्या लिलावातून

डिप्लोमाच्या किंवा बीसीएच्या कोणत्याही वर्गात ‘एनकॅप्सुलेशन म्हणजे काय?’ असं विचारा, उत्तर तयार असतं. डेटा आणि त्यावर काम करणारी फंक्शन्स, म्हणजे मेथड्स, एकत्र बांधणं म्हणजे एनकॅप्सुलेशन. ‘बांधायचं कशासाठी?’ असं पुढे विचारलं की अख्खा वर्ग खाली बघायला लागतो. चार व्याख्या पाठ, परीक्षेत मार्क पदरात, आणि प्रोजेक्टच्या वेळी सगळा कोड एकाच लांबलचक फंक्शनमध्ये.

माझ्या मते यात मुलांपेक्षा उदाहरणांचा दोष जास्त आहे. ‘प्राणी’ हा क्लास, म्हणजे साचा, त्याचे कुत्रा आणि मांजर हे वारस, एक भुंकतो, दुसरं म्याव करतं. या उदाहरणात बिघडण्यासारखं काहीच नाही. कुत्र्याने चुकीच्या वेळी भुंकलं म्हणून कोणाचे पैसे बुडत नाहीत. ऑब्जेक्टची, म्हणजे क्लासच्या साच्यातून घडवलेल्या वस्तूची, गरज पडते ती जिथे माहिती हळूहळू बदलत जाते आणि ती भलत्या क्रमाने किंवा भलत्या हाताने बदलली तर नुकसान होतं तिथे. नाशिक जिल्ह्यात असं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. निफाड, चांदवड, येवला, देवळा भागातून येणाऱ्या निम्म्या मुलांनी कांद्याचा लिलाव डोळ्यांनी पाहिलेला असतो, उरलेल्यांनी घरी त्याच्या गप्पा ऐकलेल्या असतात.

खालचा आराखडा अशा मुलांसाठी आहे ज्यांना व्हेरिएबल, लिस्ट, डिक्शनरी आणि फंक्शन येतं, पण क्लास कधी लिहिलेला नाही. भाषा पायथन घेतली आहे. लेखातल्या कोडमधले कीवर्ड आणि प्रिंट, अपेंड, __इनिट__ असे पायथनचे स्वतःचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते आणि आकडे नेहमीच्या रोमन पद्धतीनेच टाइप करायचे. आपण दिलेली नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लासची नावं मराठीत देता येतात. एकच सांभाळायचं: ‘शेतकऱ्याचे’ सारख्या शब्दात काही कीबोर्ड मधे न दिसणारं जोडणीचं अक्षर घुसवतात आणि पायथन ते नाकारतो. म्हणून नावं ‘दर’, ‘वजन’, ‘काटा’ अशी सुटसुटीत निवडा.

आधी क्लासशिवाय हिशोब मोडून दाखवा

पहिल्या तासाला क्लास हा शब्दच काढू नका. तीन ट्रॉल्यांची माहिती दोन लिस्टमध्ये ठेवा.

गाव = ["विंचूर", "चांदवड", "देवळा"]
दर = [१८५०, १४२०, २०१०]

मग सांगा, दर चढत्या क्रमाने लावा. कोणीतरी पटकन दर.सॉर्ट() लिहितं. आता पहिलं गाव आणि पहिला दर छापायला लावा. विंचूरच्या ट्रॉलीला १४२०. क्विंटलमागे ४३० रुपये गेले आणि प्रोग्रामने चकार शब्द काढला नाही. एररही नाही. इथे थोडं थांबा. एरर येणारी चूक सापडते, न येणारी चूक शेतकऱ्याच्या हिशोब पट्टीवर जाऊन बसते, हे मुलांना आपोआप कळतं.

कोणीतरी हुशार मुलगी म्हणेल, ‘सर, डिक्शनरी वापरू.’ बरोबर आहे, वापरा. प्रत्येक ट्रॉलीची एक डिक्शनरी केली की गाव आणि दर एकमेकांना चिकटून राहतात. पण मग दुसरीकडे, ट ही विंचूरच्या ट्रॉलीची डिक्शनरी धरून, ट["भाव"] = १९०० असं लिहून दाखवा. मूळ किल्ली ‘दर’ होती. पायथनने गुपचूप नवी किल्ली बनवली, आता त्याच ट्रॉलीत दर १८५० आणि भाव १९००. वर कोणत्याही फंक्शनला त्या डिक्शनरीत काहीही लिहिता येतं: वजन उणे करा, सौद्याआधीच रक्कम भरा, कोणी अडवत नाही. म्हणजे डिक्शनरीने माहिती एकत्र ठेवली, पण राखण केली नाही. दुसरी पायरी या राखणीपासून सुरू होते.

कार्ड आणि पेन

दुसरा तास संगणक बंद ठेवून घ्या. हा तास वाया गेला असं वाटेल, पण पुढचे सगळे तास यावर उभे राहतात.

लासलगावसारख्या बाजार समितीतला क्रम आधी फळ्यावर लिहून घ्या, तोही मुलांकडूनच. गाडी आवारात येते, नोंद होते. रांगेत उभी राहते. लिलावात व्यापारी बोली लावतात, क्विंटलचा दर ठरतो, सौदा होतो. मग गाडी काट्यावर जाते, भरलेलं वजन घेतात. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवतात, रिकामं वजन घेतात. फरक तो मालाचा. शेवटी हिशोब पट्टी. म्हणजे आधी दर ठरतो आणि नेमकं वजन नंतर कळतं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, आपल्या मुलांना नाही.

आता तीन मुलांना ट्रॉली करा. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड: गाव, वाण, दर, वजन. दर आणि वजनाच्या जागा कोऱ्या. एक मुलगा लिलाव पुकारणारा, एक काट्यावरचा. नियम एकच: कार्डावर फक्त ट्रॉलीनेच लिहायचं. पेन तिच्याच हातात. पुकारणाऱ्याने म्हणायचं, ‘सौदा, १८५०.’ ट्रॉली कार्ड बघते, दराची जागा कोरी आहे का, आकडा शून्यापेक्षा जास्त आहे का, आणि मगच लिहिते. नसेल तर सरळ म्हणते, ‘नाही.’

एकदा सुरळीत झालं की मुद्दाम घोळ घाला. काटेवाल्याला सौद्याआधीच वजन सांगायला लावा. पुकारणाऱ्याला एकाच ट्रॉलीचा दुसऱ्यांदा सौदा करायला लावा. भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा कमी सांगा. ट्रॉली झालेली मुलं ‘नाही’ म्हणायला लागली की वर्गात हसू फुटतं, आणि त्याच वेळी एनकॅप्सुलेशन समजलेलं असतं, व्याख्या अजून कोणी सांगितलेली नसली तरी. पुढे कधीही गोंधळ झाला की एवढंच विचारा: ‘पेन कोणाच्या हातात आहे?’

जाता जाता थोडा इतिहास सांगायचा तर इथे सांगा. ही विचारपद्धत नॉर्वेत १९६० च्या दशकात जन्मली. ओस्लोतल्या संगणक केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांना प्रत्यक्षातल्या गोष्टींचं वागणं, रांगा, ये-जा, वाट बघणं हे संगणकावर वठवायचं होतं. त्यासाठी त्यांनी सिम्युला ही भाषा केली. क्लास आणि ऑब्जेक्ट आले ते तिच्या १९६७ च्या आवृत्तीत. दोघांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक २००१ साठी मिळालं. पुढे ॲलन के यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडवताना भर दिला तो ऑब्जेक्टनी एकमेकांना निरोप पाठवण्यावर. आपला पुकारणारा तेच करत होता: कार्डाला हात लावत नव्हता, निरोप देत होता.

कार्डाचा क्लास

तिसऱ्या तासाला संगणक उघडा आणि कार्ड जसंच्या तसं उतरवा.

क्लास ट्रॉली:
    डेफ __इनिट__(सेल्फ, गाव, वाण):
        सेल्फ.गाव = गाव
        सेल्फ.वाण = वाण
        सेल्फ._दर = नन
        सेल्फ._वजन = नन

    डेफ सौदा(सेल्फ, दर):
        इफ सेल्फ._दर इज नॉट नन:
            रेज व्हॅल्यूएरर("सौदा आधीच झाला आहे")
        इफ दर <= ०:
            रेज व्हॅल्यूएरर("दर शून्याहून जास्त हवा")
        सेल्फ._दर = दर

    डेफ काटा(सेल्फ, भरलेले, रिकामे):
        इफ सेल्फ._दर इज नन:
            रेज व्हॅल्यूएरर("आधी सौदा, मग काटा")
        इफ भरलेले <= रिकामे:
            रेज व्हॅल्यूएरर("वजनात गडबड")
        सेल्फ._वजन = भरलेले - रिकामे

    डेफ रक्कम(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ._वजन / १०० * सेल्फ._दर

__इनिट__ ही नवी ट्रॉली बनताना आपोआप चालणारी मेथड, नन म्हणजे कार्डावरची कोरी जागा, आणि रेज म्हणजे ट्रॉलीचं ‘नाही’. वजन किलोत, दर क्विंटलचा, म्हणून शंभराने भागलं. वापरून बघा:

अ = ट्रॉली("विंचूर", "उन्हाळ")
अ.सौदा(१८५०)
अ.काटा(६५४०, ३४९०)
प्रिंट(अ.रक्कम())

फरक ३०५० किलो, म्हणजे साडेतीस क्विंटल, रक्कम ५६,४२५ रुपये. हा आकडा मुलांना आधी वहीत काढायला लावा, मगच प्रोग्राम चालवा. हमाली, तोलाईसारख्या कपाती सध्या बाजूला ठेवा. त्या कोणी नि किती द्यायच्या हा बाजारातलाच वादाचा विषय आहे, तो प्रोग्रामिंगच्या तासात आणला तर तास संपेल.

रक्कम या मेथडमध्ये एक भोक मुद्दाम ठेवलं आहे. काट्याआधी रक्कम विचारली तर पायथन त्याच्या भाषेत काहीतरी रडतो, आपल्या भाषेत सांगत नाही. ते मुलांनी शोधायचं आणि बुजवायचं. सगळं आयतं दिलेला क्लास मुलं उतरवून घेतात आणि विसरतात.

सेल्फ: इथे घोडं हमखास अडतं

प्रत्येक मेथडच्या कंसात पहिला सेल्फ का, आणि बोलावताना तो का द्यायचा नाही? यावर ‘सिंटॅक्सच तसा आहे’ असं उत्तर देऊ नका. खालच्या दोन ओळी एकाखाली एक लिहा.

अ.सौदा(१८५०)
ट्रॉली.सौदा(अ, १८५०)

दोन्ही एकच काम करतात. (नवीन ट्रॉलीवर करून दाखवा, नाहीतर ‘सौदा आधीच झाला आहे’ येईल.) पहिली ओळ म्हणजे दुसऱ्या ओळीचा छोटा मार्ग. टिंबाच्या डावीकडे जो उभा आहे तोच सेल्फ होऊन आत जातो. आता एका मेथडमधला सेल्फ मुद्दाम खोडा आणि चालवा. ‘टेक्स १ पोझिशनल आर्ग्युमेंट बट २ वेअर गिव्हन’ असा संदेश येतो. मुलं म्हणतात, आम्ही तर एकच आकडा दिला! मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा. दुसरा कोण, ते दिसतं. हा संदेश पुढे वर्षभर येत राहणार आहे, तेव्हा तो वाचायची सवय इथेच लावलेली बरी.

आणखी एक सापळा याच तासात उघडा करून टाका. ब = अ लिहिलं की दुसरी ट्रॉली तयार होत नाही, त्याच ट्रॉलीला दुसरं नाव मिळतं. ब चा सौदा केला की अ चाही झालेला असतो. फळ्यावर एक चौकोन आणि त्याकडे जाणारे दोन बाण काढा, तेवढं पुरे.

याच्याच पोटातला दुसरा सापळा जास्त छुपा आहे. क्लासच्या आत, पण __इनिट__ च्या बाहेर कपाती = [] असं लिहा. मग अ ही विंचूरची आणि ब ही चांदवडची अशा दोन वेगळ्या ट्रॉल्या नव्याने बनवा, अ.कपाती.अपेंड("हमाली") करा आणि ब.कपाती छापा. विंचूरच्या ट्रॉलीची हमाली चांदवडच्या पट्टीवरही लागली! लिस्ट क्लासची एकच होती, सगळ्या ट्रॉल्या तिच्यातच लिहीत होत्या. प्रत्येकीची वेगळी हवी तर ती __इनिट__ मध्ये सेल्फ.कपाती = [] म्हणून जन्माला यायला हवी. मोठी माणसंही यात अडकतात.

वांधा निघाला तर?

आता आपण केलेला नियम मोडणारी खरी घटना आणा. खळ्यावर माल उतरवताना आतला कांदा खराब निघाला की व्यापारी दर तोडून मागतो. याला वांधा काढणं म्हणतात, मुलांना शब्द ओळखीचा असतो. पण आपली ट्रॉली तर म्हणते, ‘सौदा आधीच झाला आहे.’ काय करायचं?

वर्गातून पहिलं उत्तर येतं: ‘बाहेरून अ._दर = १७०० करून टाकू.’ पायथनमध्ये हे चालतंही. नावाआधीची रेघ म्हणजे ‘आत हात घालू नका’ एवढा संकेत आहे, कुलूप नाही. पण असं केलं की दर कोणी, कधी, का बदलला याचा मागमूस उरत नाही. शेतकऱ्याचा मुलगा समोर बसलेला असताना हे पटवायला फार बोलावं लागत नाही.

दुसरं उत्तर: सौद्यातली अट काढून टाकू. मग तर कोणीही कितीदाही सौदा करेल.

तिसरं उत्तर यायला जरा वेळ लागतो, पण वाट बघा. वांधा ही स्वतंत्र घटना आहे, तिची स्वतंत्र मेथड हवी.

    डेफ वांधा(सेल्फ, नवा_दर, कारण):
        इफ सेल्फ._दर इज नन:
            रेज व्हॅल्यूएरर("सौद्याआधी वांधा कसला?")
        इफ नॉट ० < नवा_दर < सेल्फ._दर:
            रेज व्हॅल्यूएरर("नवा दर आधीच्यापेक्षा कमी हवा")
        सेल्फ._नोंदी.अपेंड((सेल्फ._दर, नवा_दर, कारण))
        सेल्फ._दर = नवा_दर

(_नोंदी ही लिस्ट __इनिट__ मध्ये बनवायची, हे आता मुलंच सांगतील.) दर बदलला, पण ट्रॉलीच्या हातून, कारणासकट आणि जुना दर लिहून. सौदा आणि वांधा दोन्ही शेवटी त्याच _दर ला हात लावतात, तरी दोन वेगळ्या मेथड्स का, हे ज्याला सांगता आलं त्याला डिझाइन कळायला लागलं असं समजा. मेथडचं नाव ‘दर_बदल’ न ठेवता ‘वांधा’ का ठेवलं, यावरही पाच मिनिटं खर्च करा. बाजारात जे घडतं तेच नाव कोडमध्ये असलं की कोड वाचणाऱ्याला बाजार दिसतो.

घरचा अभ्यास म्हणून एक प्रश्न द्या: फेरवजन करता यावं का? आत्ताच्या क्लासमध्ये काटा कितीदाही बोलावता येतो. तो अडवायचा, की होऊ द्यायचा आणि नोंद ठेवायची? घरी विचारून या म्हणावं. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि ती येऊ द्या. ऑब्जेक्टचे नियम कीबोर्डसमोर बसून ठरत नाहीत, काम करणाऱ्याला विचारून ठरतात.

ट्रॉल्या ठेवायला बाजार

क्लास बाजार:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ._आवक = []

    डेफ आत_घे(सेल्फ, गाडी):
        सेल्फ._आवक.अपेंड(गाडी)

    डेफ उलाढाल(सेल्फ):
        रिटर्न सम(ग.रक्कम() फॉर ग इन सेल्फ._आवक)

इथे फार वेळ घालवू नका. बाजाराकडे ट्रॉल्या आहेत, बाजार ही ट्रॉलीची जात नाही. बाजाराने रक्कम स्वतः गुणाकार करून काढायची नाही, ट्रॉलीला विचारायची. बाजारभावात छापतात तसे किमान, कमाल आणि सरासरी दर काढायच्या मेथड्स मुलांना लिहू द्या. ट्रॉलीचा दर बाहेरून वाचता यावा म्हणून एखादी छोटी मेथड लागेल, ती त्यांनाच सुचेल. सरासरी नुसती दरांची काढायची की वजनानुसार, हा वाद आपोआप सुरू होतो.

पिंपळगावचा टोमॅटो आला की पॉलिमॉर्फिझम येतो

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा सौदा क्रेटवर होतो, क्रेट साधारण वीस किलोचं. म्हणजे टोमॅटोच्या गाडीची रक्कम वेगळ्या रीतीने निघते.

क्लास टोमॅटोगाडी:
    ...
    डेफ रक्कम(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ._क्रेट * सेल्फ._दर

ही गाडी बाजारात आत_घे करा आणि उलाढाल विचारा. बाजाराच्या क्लासमधली एक ओळही न बदलता उत्तर बरोबर येतं. बाजार फक्त ‘रक्कम किती?’ विचारतो, कोण कसा हिशोब करतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पॉलिमॉर्फिझम एवढंच. त्याच्या उलट, बाजारात ‘इफ कांदा असेल तर असं, टोमॅटो असेल तर तसं’ अशी शिडी लिहून दाखवा आणि विचारा, उद्या मिरची आली तर?

पायथनमध्ये हे वारशाशिवाय घडलं, हे आवर्जून लक्षात आणून द्या. इनहेरिटन्स मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवतो. आता दोन्ही क्लासमध्ये गाव, वाण आणि सौदा हे तंतोतंत सारखं दिसतंय, दोनदा लिहिल्याने मुलंही कंटाळलेली आहेत. अशा वेळी ‘माल’ नावाचा वरचा क्लास काढा, सारखा भाग तिथे हलवा, आणि क्लास ट्रॉली(माल): असं लिहा. खालच्या __इनिट__ मध्ये सुपर().__इनिट__(गाव, वाण), म्हणजे वरच्या क्लासचं __इनिट__, बोलवायचं विसरलं तर काय होतं, ते एकदा करून दाखवा.

वारसा शिकला की मुलांना त्याचा नादच लागतो. पुढच्या तासाला कोणीतरी लालकांदा, रांगडाकांदा, उन्हाळकांदा असे तीन क्लास करून आणणारच. तेव्हा विचारायचं: यांच्या वागण्यात काय फरक आहे? सौदा तोच, काटा तोच, रक्कम तीच. मग तो क्लास नव्हे, ती ‘वाण’ या रकान्यातली तीन नावं. वागणूक बदलत असेल तर क्लास, नुसती माहिती बदलत असेल तर रकाना.

जावा आणि सी प्लस प्लसकडे जाताना

डिप्लोमाला सी प्लस प्लस आणि जावा आहेच, त्यामुळे हाच ट्रॉलीचा क्लास त्या भाषांत पुन्हा लिहायला लावा. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी विथ क्लासेस’, म्हणजे पुढची सी प्लस प्लस, सुरू केलं ते सिम्युलातली रचना सीच्या वेगासह हवी म्हणून, त्यामुळे ओळख पटायला अडचण येत नाही. तिथे सेल्फ लिहावा लागत नाही, त्याचंच काम करणारा धिस न सांगता हजर असतो. प्रायव्हेट हा शब्द संकेतावर थांबत नाही, बाहेरून हात घातला तर कंपायलर प्रोग्राम पुढेच जाऊ देत नाही. प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी सांगावा लागतो, त्यामुळे ‘दर’ च्या जागी ‘भाव’ लिहिण्याची चूक चालवण्याआधीच पकडली जाते. पायथनमध्ये मात्र ऑब्जेक्टवरही नवा रकाना गुपचूप चिकटतो, म्हणून तिथे मेथडमधूनच लिहायची शिस्त जास्त कडक पाळायची.

समजलं की नाही, कसं ओळखायचं

व्याख्या विचारू नका. मुलांना त्यांच्या ओळखीचा एक व्यवहार निवडू द्या: सातपूर-अंबडच्या कारखान्यातलं जॉबकार्ड, सिन्नरच्या बसचं आरक्षण, मिसळीच्या हॉटेलातलं टोकन, द्राक्षबागेतला फवारणीचा हिशोब. अट एकच: त्यांच्या ऑब्जेक्टला निदान दोन गोष्टींना ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि ते ‘नाही’ का, हे तोंडी सांगता आलं पाहिजे.

तपासताना आधी चालणारा कोड बघू नका. मुलाच्या शेजारच्याला बसवा आणि सांगा, बाहेरून याचा ऑब्जेक्ट बिघडवून दाखव. रेघ असलेल्या नावांना हात लावायचा नाही, फक्त मेथड्स बोलवायच्या, पण हव्या त्या क्रमाने, उणे आकडे, शून्य, रिकामं नाव, तीच मेथड दोनदा. फवारणीच्या क्लासला कापणीनंतरची तारीख दे, बसला चाळिसाव्या सीटनंतर एक्केचाळिसावा प्रवासी दे. ऑब्जेक्ट टिकला तर मार्क, बिघडला तर जागा बदलून दुरुस्ती आणि पुन्हा एक फेरी.